डी ड्राइव्हवरचं गाव

“वृषाली, माझं गाव उघडत नाहीये.”

शनिवारची सकाळ होती. मी गॅसपाशी पोहे परतत होते आणि माझे सासरे, आप्पा, हातात कागदाचा चिटोरा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

“उघडत नाही म्हणजे?”

“दोनदा टिचकी मारली. इंग्रजीत काहीतरी म्हणतंय. मी उतरवून आणलंय.”

आप्पा सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी अक्षर छापल्यासारखं. त्या सुबक अक्षरात चिटोऱ्यावर लिहिलं होतं, ‘लोकेशन इज नॉट अव्हेलेबल’. खाली दोन समांतर रेघा.

मी गॅस बंद करायला विसरले. पोहे खाली लागले.

“अपडेट चालू असेल, आप्पा. तुम्ही हात लावू नका, मी बघते.”

ही पहिली थाप. नंतर त्या तीन दिवसांत मी इतक्या थापा मारल्या की शेवटी शेवटी त्या एकमेकींशी जुळेनात.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, एम. सी. ए. होते आणि कराडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. ‘बॅकअपचे महत्त्व सांगा’ हा दहा गुणांचा प्रश्न मी दरवर्षी न चुकता पेपरात घालत असे आणि मुलांनी त्रोटक उत्तरं लिहिली की गुण कापत असे. नवरा, निरंजन, मस्कतला नोकरीला. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आप्पा आणि मी, आणि मधल्या खोलीत दोघांत मिळून एक कॉम्प्युटर.

सकाळी तो आप्पांचा असे. धरणात बुडालेल्या तांबेखोरे नावाच्या गावाचे जुने फोटो ते दोन वर्षं गोळा करत होते. गाव उठलं तेव्हा माणसं कुठे कुठे पांगली. कुणी पूर्वेकडच्या माळावर वसवलेल्या नव्या तांबेखोऱ्यात, कुणी मुंबईला. आप्पा एसटीने त्या सगळ्यांकडे जायचे, ट्रंकेच्या तळातून निघालेले फोटो घरी आणायचे, स्कॅन करायचे आणि परत नेऊन द्यायचे. का, असं मी एकदा विचारलं होतं. “छंद आहे,” म्हणाले. प्रत्येक फोटोला नाव देताना ते सगळी माहिती त्या नावातच भरत: ‘शेलारांचे खळे, चैत्र १९६४, डावीकडून गणू, त्याची बहीण, शेजारची म्हैस’. असे तेराशे शेहेचाळीस फोटो. डेस्कटॉपवर एकच फोल्डर, नाव ‘गाव’. पुढच्या रविवारी नव्या तांबेखोऱ्यात देवीची जत्रा होती आणि तिथल्या शाळेत त्या फोटोंचं प्रदर्शन लागायचं होतं.

संध्याकाळी कॉम्प्युटर माझा. मी गेम खेळायचे. लग्न झालेल्या प्राध्यापक बाईने गेम खेळणं हे आमच्याकडे बसत नव्हतं, म्हणून मी कानाला हेडफोन लावून गंभीर चेहऱ्याने बसायचे आणि आप्पांना वाटायचं की प्रोजेक्ट चाललाय. पाहुण्यांना ते हळू आवाजात सांगायचे, “सून फार कष्टाळू आहे. कॉलेजातून आली की पुन्हा कामाला बसते.” मी त्या वेळी घोड्यावर बसून शत्रूच्या ताब्यातली गावं सोडवत असे. त्या शनिवारपर्यंत सत्तावन्न गावं सोडवून झाली होती.

आता मी नेमकं काय केलं होतं ते सांगते. कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क होत्या. सी ड्राइव्ह नवा, वेगवान, पण एवढासा. डी ड्राइव्ह जुना, मंद, पण ऐसपैस. गेम असतात अवाढव्य. दोन टाकले की सी भरला. त्यावर एक युक्ती असते. गेमचं फोल्डर उचलून डीवर न्यायचं आणि सीवर त्याच्या मूळ जागी त्याच नावाची एक सिम्बॉलिक लिंक ठेवायची. ती दिसते फोल्डरसारखीच, उघडतेही फोल्डरसारखीच, पण आत जे दिसतं ते सगळं डीवरचं असतं. गेमला पत्ता लागत नाही की आपण हललोय. ही युक्ती जमली तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी निरंजनला मस्कतला फोन करून सांगितलं होतं. त्याने “वा” म्हटलं आणि जेवण काय केलं ते विचारलं.

मग मी सुटलेच. दिसेल ते डीवर न्यायचं आणि मागे लिंक ठेवायची. ऑक्टोबरात आप्पांच्या फोटोंनी सी पुन्हा भरला आणि माझ्या गेमचं अपडेट अडकलं. मी ‘गाव’ उचललं, डीवर ‘प्रोजेक्ट’ नावाच्या माझ्या गेमच्या फोल्डरात नेऊन टाकलं आणि डेस्कटॉपवर लिंक ठेवली. आप्पांना सांगितलं नाही. त्यांना कळलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्यांनी विचारलं असतं की ‘प्रोजेक्ट’मध्ये अजून काय काय आहे.

तीन महिन्यांत मी ते साफ विसरले.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या लिंकांचा गुंता झाला. एक लिंक दुसऱ्या लिंककडे जात होती, दुसरी पुन्हा पहिलीकडे, आणि माझा घोडा काही जागचा हलेना. मी चिडून ठरवलं, डी ड्राइव्ह पुरता पुसायचा आणि सगळं नव्याने टाकायचं. मी बेसावध बाई नव्हते. आधी माझी सत्तावन्न गावं पेन ड्राइव्हवर काढून घेतली. मग आप्पांचे फोटो आठवले. डेस्कटॉपवर जाऊन ‘गाव’ उघडलं. पाच-सहा फोटो मोठे करून पाहिले. सगळे जागच्या जागी. म्हणजे सीवर आहेत, धोका नाही. मी डी फॉरमॅट केला. चार सेकंद लागले. त्यावर लगेच नवा गेम चढवला, आणि तो थोडाथोडका नव्हता.

मी तपासताना जे फोटो पाहिले ते डीवरूनच दिसत होते. माझ्याच लिंकने मला फसवलं. हे मला पोहे करपल्यावर कळलं.

त्या दिवशी मी आप्पांना सांगितलं की व्हायरस आलाय, आणि मधल्या खोलीचं दार लावून बसले. पुसलेली डिस्क चाळून सापडेल ते परत काढणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते डी ड्राइव्हवर लावलं. ते तळापासून एकेक दाणा निवडत बसलं आणि मी त्याच्या टक्केवारीकडे बघत बसले. आप्पा दर तासाने दारावर टकटक करायचे.

“व्हायरस गेला का?”

“जातोय, आप्पा.”

“गरम पाणी देऊ का तुला? घसा बसलाय तुझा.”

दुपारी निरंजनला फोन केला.

“आप्पांना खरं सांग,” तो म्हणाला.

“काय सांगू? गेम खेळत होते म्हणून?”

“मग मी सांगू?”

“तू सांगितलंस तर मी मस्कतला येऊन राहीन.”

“हे चांगलंच आहे की,” तो म्हणाला. मी फोन ठेवला.

रविवारी दुपारी सॉफ्टवेअर थांबलं. तेराशे शेहेचाळीसपैकी आठशे अकरा फोटो सापडले होते. बाकीच्यांवर माझा नवा गेम बसला होता. मूळ फोटो आप्पांनी केव्हाच ज्याचे त्याला परत केले होते आणि जत्रेला आठवडाच उरला होता. सापडलेल्यांतही कित्येक अर्धेच. वर माणसांची डोकी आणि खाली राखाडी पट्टा. आणि नाव एकाचंही नाही. शेलारांचं खळं आता ‘एफ शून्य शून्य चार एक’ होतं. गणू, त्याची बहीण आणि म्हैस तिघंही बिननावाची झाली होती.

आप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. एकेक फोटो बघत गेले.

“हे भैरू पाटील,” ते म्हणाले. “हे... हे कोण? नाव होतं की गं मी दिलेलं.”

“व्हायरसने नावं खाल्ली, आप्पा.”

“नावंच कशी खाल्ली?”

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शंभरेक फोटो त्यांना ओळखता आले. मग ते उठले.

“उद्या रजा टाक. गावात जाऊ. ज्यांचे आहेत तेच सांगतील.”

सोमवारी माझ्या गाडीने निघालो. वाटेत दोन तास मी कबुलीची वाक्यं मनात जुळवत होते. ‘आप्पा, तांत्रिक अडचण अशी की’ ने सुरू होणारी तीन वाक्यं तयार केली. तिन्हींत मी कुठेच नव्हते.

नवं तांबेखोरं म्हणजे उघड्या माळावर सरळ रेषेत आखलेली घरं. देवळापुढच्या मांडवात जत्रेची तयारी चालली होती. सापडलेले फोटो भरून मी एक लॅपटॉप मागून आणला होता, तो उघडला तशी पंधरा-वीस म्हातारी माणसं भोवती जमली. आप्पांना सगळे ओळखत होते. खुर्चीवर बसलेले महिपती शेलार पूर्वी सरपंच होते. त्यांनी वहीत लिहून घ्यायचं पत्करलं. मी एकेक फोटो दाखवायला लागले आणि मांडवात भांडणं सुरू झाली.

“ह्यो बाळू.”

“बाळू कसा? बाळूला मिशी हुती का कधी?”

“मुंबैला गेल्यावर ठेवली व्हती.”

“अरं, फोटो गावातला हाय!”

आप्पा हसत होते. दोन दिवसांत प्रथमच. महिपतराव वहीत ‘बाळू किंवा बाळूचा चुलता’ असं लिहीत होते. तासाभरात दीडशे फोटोंना नावं मिळाली आणि मला वाटायला लागलं, निभावलं. कबुलीची गरजच नाही. मी चहासुद्धा घेतला.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली आणि लॅपटॉपसमोर फतकल मारून बसली. गऊबाई. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र खणखणीत.

“माज्या आईचा दाव.”

“कोणता फोटो, आजी?”

“आप्पास्नी म्हाईत हाय. नथ घातल्याली. उंबऱ्यात उभी. एकलाच फोटू हाय तिचा.”

आप्पा वाकून म्हणाले, “आहे, आहे. मागच्या पावसाळ्यात स्कॅन केलेला. दाखव गं.”

मी शोधायला लागले. नथ घातलेल्या बाया खूप होत्या. प्रत्येक वेळी गऊबाई पुढे वाकायची आणि म्हणायची, “न्हवं.” चारशे झाले. सहाशे झाले. राखाडी पट्ट्यांचे फोटो आले की मी भराभर पुढे ढकलत होते. आठशे अकरावा फोटो एका बैलाचा होता.

“आजी, मूळ फोटो तुमच्याकडे असेल ना? आप्पांनी परत दिलेला?”

“दिला व्हता. दिवाळीच्या आदी छपराला आग लागली, त्यात ट्रंक गेली.” तिने सहज सांगितलं. “म्हटलं, जाऊंदे. आप्पांच्या त्या कॉम्पुटरच्या पेटीत हाय.”

माझी तिन्ही वाक्यं कुठे गेली कळलं नाही.

“आजी, तो आता पेटीतही नाही,” मी म्हणाले. “मी पुसला. व्हायरस वगैरे काही नव्हता. आप्पांचं फोल्डर मी दुसऱ्या डिस्कवर हलवलं, त्यांना सांगितलं नाही, मीच विसरले आणि ती डिस्क पुसून टाकली.”

आप्पा माझ्याकडे बघत होते.

“म्हणजे व्हायरस तूच?”

“हो, आप्पा.”

“कशापायी हलवलंस?” गऊबाईने विचारलं.

“जागा हवी होती.”

“कशाला?”

खोटं बोलायची ताकद संपली होती. “खेळायला. कॉम्प्युटरवर खेळ असतो, तो.”

“काय खेळ?”

“घोड्यावर बसायचं आणि... गावं सोडवायची.”

मागून कुणीतरी फुस्सकन हसलं. एम. सी. ए. झालेली, मुलांचे गुण कापणारी मी, त्या माळावर वीस म्हाताऱ्यांपुढे उभी होते आणि माझे कान इतके तापले होते की त्यांवर पापड भाजता आला असता. आप्पांच्या कष्टाळू सुनेचं प्रकरण तिथे संपलं. आता रडावं की माफी मागावी, आधी काय, असा मी विचार करत होते, तेवढ्यात आप्पा उभे राहिले.

“मलाही एक सांगायचंय,” ते म्हणाले.

मला वाटलं, माझी बाजू सावरणार. मी मान खाली घातली.

“मी छंद आहे म्हणून तुमच्याकडे येत होतो, असं तुम्हाला सांगितलं. ते खोटं आहे. मी नकाशे काढायचो. धरणाचं पाणी कुठवर येणार, ती रेघ नकाशावर मी काढली. बावीस वर्षांचा होतो. साहेबांनी आकडे दिले, मी शाई भरली. गाव मी बघितलंसुद्धा नव्हतं. गऊबाई, तुमच्या आईच्या उंबऱ्यावरून ती रेघ जाते. ते मला तुमचा फोटो बघून कळलं. रेघ थोडी खाली असती तर... थोडी खाली काढता आली नसती. पण सांगायला हवं होतं.”

एका घरात आम्ही तीन वर्षं राहत होतो. सकाळी त्या कॉम्प्युटरपुढे हे बसायचे, संध्याकाळी मी. आणि हेही सांगायला हवं की माझा एवढा मोठा गुन्हा दोन मिनिटांत मागे पडला, याचं मला क्षणभर हायसं वाटलं आणि दुसऱ्या क्षणी थोडं अपमानासारखंही वाटलं. माणूस कुठल्या वेळी काय विचार करेल, सांगता येत नाही.

महिपतरावांनी वही मिटली.

“आमास्नी ठावं हाय, आप्पा,” ते म्हणाले.

“काय?”

“कोर्टातल्या पुनर्वसनाच्या केशीला त्या नकाशाची नक्कल काढली व्हती आमी. खाली कोपऱ्यात नाव हाय. य. रा. देवळेकर. तुमी पैल्यांदा आला आन् नाव सांगितलं, त्याच दिशी म्या नकाशा काढून बघितला.”

आप्पा खुर्चीचा हात धरून खाली बसले. “दोन वर्षं? मग बोलला का नाहीत? फोटो का दिलेत?”

महिपतरावांनी गऊबाईकडे बघितलं.

“सरपंचांनी सगळ्यास्नी इचारलं,” गऊबाई म्हणाली. “द्याचे का न्हाईत. म्या म्हटलं, द्या. रेघा मारणारे लई जण आले त्या टायमाला. मारून गेल्याव घरात कोण ऱ्हात हुतं म्हून इचाराय ह्यो एकलाच परत आला.”

आप्पांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, तसाच हातात धरून बसले. कुणीतरी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

गऊबाईने काठी जमिनीवर आपटली.

“ते झालं तुमचं. माज्या आईचं काय?”

मी म्हणाले, “आजी, मी पुन्हा शोधते. दुसरं सॉफ्टवेअर लावून बघते.” मला ठाऊक होतं की काही मिळणार नाही.

“घावंल?”

“नाही,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे. प्रदर्शनाची तयारी टिपायला म्हणून मी तो आणला होता.

“सगळी म्हणत्यात, मी आईवानीच दिसती,” ती म्हणाली. “माजाच काढ. तिच्या जागी लाव.”

“आजी, पण तो फोटो तुमचा होईल.”

“खाली ल्ही की, आईचा म्हून. तुला लिवाय येतंय न्हवं?”

आप्पा हसले. नाक ओढत, पण हसले. “येतं तिला,” म्हणाले.

मग मांडवातल्या बायकांची एकच धांदल उडाली. एकीने जत्रेसाठी काढून ठेवलेलं हिरवं लुगडं आणलं, दुसरीने नथ. शाळेच्या दाराला उंबरा होता, तिथे गऊबाईला उभं केलं. काठी तिने महिपतरावांकडे दिली. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

“आईची मान जरा वर असायची,” ती पुटपुटली आणि मान वर केली. “आन् ती हासत नसायची. तवा फोटूत कोण हासत न्हवतं.”

मी फोटो काढला. एक नव्हे, नऊ. दोन लॅपटॉपवर बघून तिने नाकारले, सहा बायकांनी नाकारले. नववा राहिला. आप्पांनी स्वतः त्याला नाव दिलं, सावकाश, एका बोटाने टाइप करत: ‘गऊबाईची आई सारजाबाई, उंबऱ्यात, लेकीच्या चेहऱ्यात’. रविवारी प्रदर्शनात तो पहिल्या ओळीत लागला आणि मुंबईहून आलेल्या दोन म्हाताऱ्यांनी सारजाबाईंना बरोबर ओळखलं.

पण ते रविवारचं. सोमवारी मी लॅपटॉप मिटायला लागले, तेव्हा गऊबाईने माझं मनगट धरलं.

“नीट ठेवलास न्हवं?”

“हो, आजी. तीन ठिकाणी ठेवलाय. कॅमेऱ्यात, लॅपटॉपवर आणि या पेन ड्राइव्हवर.”

“खरोखरचा? का तसला, दिसतोय हितं आन् हाय तिकडं?”

“खरोखरचा, आजी.”

“मग दाव.”

मांडवातली सगळी माणसं पुन्हा जवळ सरकली. आप्पाही चष्मा लावून पुढे आले. मी कॅमेऱ्यातला दाखवला. पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेवला आणि लॅपटॉपवरचा दाखवला. मग तो पेन ड्राइव्ह महिपतरावांच्या नातवाच्या कॉम्प्युटरला लावून तिथेही दाखवला. तिन्ही ठिकाणी स्वतःला, म्हणजे आईला, डोळे भरून पाहिल्याशिवाय गऊबाईने नथ उतरवली नाही.